एक शब्द कळेल तर शपथ

बाबा, आज भांडायला नाही, घाबरून लिहिते आहे.

रविवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात मटार सोलायला बसायचात आणि ओट्यावरच्या टेपरेकॉर्डरवर तुमच्या काळातली गाणी लावायचात. मी मध्येच माझी कॅसेट घालायचे. दोन मिनिटं होत नाहीत तोच तुमचं सुरू, "याला गाणं म्हणतात? नुसती आदळआपट. एक शब्द कळेल तर शपथ!" मी चिडायचे. आई म्हणायची, "अहो, ऐकू द्या ना तिला तिचं." मग वाद रंगायचा आणि मटार राहायचे बाजूला. पुढे तुमच्या कानाला यंत्र लागलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की कान कित्येक वर्षांपासून जात होते. नवी गाणी तुम्हाला धड ऐकूच येत नव्हती. जुनी पाठ होती, म्हणून ऐकू आल्यासारखी वाटायची.

गेल्या रविवारी इथे परदेशात, झूटरमेरच्या घरी मी पोहे परतत होते. तुमच्या नातीने मोबाइलवर तिचं काहीतरी लावलं आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, शपथेसकट. ती हसली. "ओके आई, युअर टर्न," म्हणत तिने माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं एक गाणं लावलं. मी कालथा हातात घेऊन सगळं म्हटलं. "बघ, याला म्हणतात गाणं! शब्द न् शब्द कळतो." कार्टी तुमच्यावर गेली आहे, हार मानत नाही. तिने त्याच गायिकेचं, त्याच काळातलं, पण मी कधी न ऐकलेलं गाणं शोधून लावलं. तबला आला, आवाज आला, शब्द काही आले नाहीत. "आई, यू ओन्ली हिअर द वन्स यू ऑलरेडी नो," ती सहज म्हणाली. पोहे खाली लागले.

तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवून आहे. ऑफिसात जेवताना सगळे बोलतात त्यातलं निम्मं मला कळत नाही, ते माझं डच कच्चं म्हणून, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्यासाठी दोनदा क्लास लावला. परदेशी माणसाला हे कारण आयतंच मिळतं. पण फोनवर आई मराठीतच बोलते ना, तिलाही मी सारखं "काय? काय?" करते आणि नेटवर्कला शिव्या घालते.

बाबा, दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी तुमच्या कानाशी वाकून बोलले होते. यंत्र काढून ठेवलेलं होतं. तुम्ही हसून मान डोलावलीत. त्या एका होकारावर मी इतकी वर्षं निभावून नेलं. आता तशीच मान मीही डोलावते, म्हणून विचारते, तुम्हाला ऐकू आलं होतं ना?

हे पाठवायला पत्ता नाही, आणि घरात कुणाला सांगायचा धीर होत नाही. हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन करायचा म्हणून दोनदा उचलला आणि खाली ठेवला.

आज सकाळी लेक सायकलवर टांग टाकता टाकता पाठमोरीच काहीतरी बोलली. मग वळून माझ्याकडे बघत थांबली. चेहरा गंभीर होता. मी हसून मान डोलावली. तिला एकदम हायसं वाटलेलं दिसलं, आणि ती गेली. मी कशाला हो म्हटलं, ते मला अजून माहीत नाही.