डाव्या हाताचं अक्षर

तीर्थरूप आईस,
थोरलीचा लांबूनच नमस्कार.

अक्षर बघून घाबरू नकोस. लाँड्रीत उजव्या हाताला इस्त्रीची वाफ लागली, म्हणून डाव्या हाताने लिहिते आहे. फार भाजलेलं नाही. पट्टी कोपरापर्यंत आहे, पण ती डॉक्टरांची हौस.

मालकीणबाई म्हणाल्या, "एका हाताने काय करणार तू? दुसरी कोणी बघावी लागेल."

मी म्हटलं, "आजचा दिवस बघा, मग ठरवा." आणि इस्त्री डाव्या हातात घेतली.

तेव्हा आपलं घर आठवलं. पेरूच्या झाडावरून पडून माझा हात गळ्यात आला होता, आणि तू धाकट्याच्या शर्टाची बटणं रोज मलाच लावायला सांगायचीस. तो बिचारा वरखाली बटणांनी शाळेत जायचा. मी रडले की म्हणायचीस, "एक हात आजारी पडला म्हणून दुसऱ्याने रजा घ्यायची नसते." सावत्र वाटायचीस तेव्हा.

संध्याकाळी मालकीणबाईंनी एक कॉलर उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये." नोकरी राहिली, आई.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा औषध घेतात ना? त्यांना भाजल्याचं बोलू नकोस, पोरीने घाईत लिहिलंय म्हण.

धाकट्याला मात्र सांग, आता माझ्या हातून एकही शर्ट वरखाली बटणांचा जात नाही.

तुझी सख्खी,
थोरली