हिरव्या रंगावर हळदीचा हात

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. संध्याकाळी सव्वासात.
थिनरने बोटं पुसत बसलोय. हिरवा रंग नखात अडकलाय.
आज अरविंद साहेब रंगखात्यात आले. मेक्सिकोचा माणूस पुढच्या मंगळवारी रबाळ्याला येणार — मिरची दळायची आपली पहिली मशीन बघायला. पसंत पडली तर चाळीस मशीनची ऑर्डर. "मग मिथुन, तुझं पर्मनंटचं बघू. दोन शब्द शिकून ठेव त्याच्या भाषेतले. तू शुद्ध लिहितोस, जमेल तुला."
मी दहावी नापास. तरी 'जमेल' म्हणाले!

बुधवार, ५ फेब्रुवारी
स्पॅनिशमधला एकच शब्द धरलाय — मानो. म्हणजे हात. पण रंगाच्या थरालाही ते मानोच म्हणतात! आपण म्हणतो ना, 'दुसरा हात मार' — तसंच. उजव्या हाताला वळा, हातभार लावा, सेकंड हँड गाडी — सगळीकडे मानो. स्प्रे मारणाऱ्या शिवाला सांगितलं. तो म्हणतो, "अरे, म्हणजे मॅक्सिकोवाला गावचाच निघाला की!"

गुरुवार, ६ फेब्रुवारी
तिथली पोरं दोस्तालाही मानो म्हणतात. 'एर्मानो' म्हणजे भाऊ, त्याचं शेपूट. शिवाला सांगून चूक केली. दिवसभर "ए मानो, थिनर दे", "मानो, चहा सांग". साहेबांसमोरसुद्धा!
आणखी एक सापडलं — 'मानो दे गातो', मांजराचा हात. वरवर रंग फासून वेळ मारून नेणे. हे मला फार आवडलं. आपल्याकडे अशी मांजरं पुष्कळ.
ध्यानात ठेवणे: पाहुण्याला मानो म्हणायचं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
मशीनला दोन्ही हात मारून झाले. आरशासारखी दिसते!

सोमवार, १० फेब्रुवारी
काय करून बसलो!
सकाळी मला वाटलं, कडेला रंग पातळ आहे. शिवा म्हणाला, "बस झालं रे, किती टेन्शन घेतो." मी ऐकलं नाही. तिसरा हात मारायला लावला. मग 'ओला रंग' अशी पाटी लिहिली. ती तिरकी आली म्हणून दुसरी लिहायला बसलो.
तेवढ्यात गोजराकाकी आली. ती आमच्याकडे रंगाआधी पत्रा घासायचं काम करते. नवीन माल बाहेर निघायचा तर आधी तिच्या हळदीचा हात उठतो, लग्नघरातल्या भिंतीवर उठतो तसा. तिला वाटलं, मशीन शनिवारीच सुकली.
मशीनच्या दारावर पाची बोटं रुतली.
काकी रडायलाच लागली. "माजा हात पांढऱ्या पायाचा झाला रं. आजवर कदी असा झाला नाय."
चूक तिची नाही. पाटी माझ्या मांडीवर होती.
साहेब म्हणाले, "टच-अप मारा आणि गप्प बसा." शिवाने मारला. लांबून कळत नाही.
जवळून कळतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
पाहुण्याचं नाव एर्नेस्तो. जाडा, हसरा. मशीनभोवती फिरला. दारापाशी थांबला. नखाने ठिगळ चाचपलं. साहेब इंग्रजीत म्हणाले, रंगाचा शेड आहे, नथिंग.
माझ्या तोंडातून निघून गेलं — "मानो दे गातो."
एर्नेस्तो गर्रकन वळला. एवढ्या मोठ्याने हसला की गेटवरचा वॉचमन आत आला. मी खुणेने सगळं सांगितलं. हळद, काकी, पंजा, ओला रंग. काकी पदराआड लपत होती. त्याने तिला हात जोडले. मग मशीनकडे बोट केलं, सगळं खरवडायला सांगितलं आणि माझा खांदा थोपटला, "दोस मानोस, मानो."
दोन हात, भावा. तिसरा नको!
ऑर्डरचं मात्र काही बोलला नाही. साहेब नंतर म्हणाले, "तुला तोंड उघडायला कोणी सांगितलं होतं?"

शनिवार, १५ फेब्रुवारी
मशीन खरवडून, दोन हात मारून तयार, आज नमुना म्हणून मेक्सिकोला निघणार. काकी हात उठवायला तयार नव्हती. "माजा माज्यावच इस्वास नाय आता."
मी दाराला गाल लावून दाखवला. "बघ काकी, सुकलंय."
तिने माझा गाल बघितला. मग हळद कालवली.

सोमवार, ३१ मार्च
ऑर्डर नाही. माझं कंत्राट संपलं. "लागलं तर फोन करू."
शिवाने स्टेशनपर्यंत सोडलं. जाताना फक्त, "चल, मानो."
तरी पुन्हा तसंच बोललो असतो. असं वाटतंय खरं.

मंगळवार, २२ एप्रिल
सकाळी साहेबांचा फोन. "चाळीसची ऑर्डर आली. उद्या आठला ये, आधारकार्ड घेऊन." आणि एक फोटो पाठवला.
मेक्सिकोतल्या गिरणीत आपली मशीन. दारावर काकीचा पिवळा हात, पुसटसा. त्याच्या शेजारी दुसरा हात, लाल मिरचीचा. गिरणी चालवणाऱ्या बाईंचा, साहेब म्हणाले.
तडक काकीच्या घरी गेलो. तिने फोन डोळ्याशी धरला.
"बारीक हाय रं हिचा हात," म्हणाली. "इचारून बघ, चुरचुरतो का."