सोनगीरची गधडी आणि तिचा कंडक्टर

आबा,

जळगावच्या प्रेसमधून परवा फोन आला. तुमच्या गोष्टीची नवी आवृत्ती निघते आहे, मागच्या पानावर लेखकाची ओळख हवी, चार ओळी लिहून द्या, असं तिथल्या मालकांच्या मुलाने सांगितलं. मी लिहून दिल्या. लेखक धुळे डेपोत कंडक्टर होते, शिक्षण सातवी, बरीच वर्षं धुळे-शिरपूर गाडीवर, पुस्तक एवढं एकच. सगळं खरं आहे आणि त्यात तुम्ही कुठेच नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता ती गोष्ट वाचणाऱ्या मुलांना वाटतं, ती कुणी लिहिलेलीच नाही, पहिल्यापासून होतीच. म्हणून चार ओळींत न मावलेलं तुम्हालाच लिहायला बसले.

शिरपूरची सकाळची पहिली गाडी तुमची. शाळेला सुट्टी लागली की मी मामाकडे जायला त्याच गाडीत बसायची, ड्रायव्हरकाकांच्या मागच्या सीटवर. थंडीचे दिवस, काचा नीट लागत नाहीत, बायांनी पदर कानावरून घेतलेले. सोनगीर आलं की काका गाडीचा वेग कमी करतात, कारण रस्त्याच्या मधोमध ती गाढवी उभी असते. हॉर्नला ती हलत नाही. मागे ट्रक थांबतात, प्रवासी कुरकुरतात, आणि कंडक्टरच गाडी उशिरा नेतो अशा थाटात सगळे तुमच्याकडे बघतात. तुम्ही तिकिटांचा ट्रे सीटवर ठेवून खाली उतरता. दोन मिनिटांत ती कडेला गेलेली असते आणि तुम्ही घंटीची दोरी ओढता. काकांचं म्हणणं, रात्री डांबर कोमट राहतं म्हणून ती तिथे ऊब घेत असते, बाकी काही नाही. तुम्ही मान हलवायचा. पण घरी आल्यावर दुपारी ओट्यावर बसून दोनशे पानी वहीत तुम्ही वेगळंच लिहीत होता.

तुमच्या वहीतल्या गाढवीचं शिंगरू त्याच जागी ट्रकमध्ये चढवून कुणी विकत नेलेलं असतं. तेव्हापासून ती रोज तिथे येऊन उभी राहते. लोक तिला मठ्ठ म्हणतात, काठ्या मारतात, आणि एका कंडक्टरला मात्र हळूहळू तिचं बोलणं कळायला लागतं. ‘मन्हं शिंगरू आठूनच गयं, ते आठेच येई,’ इथून गेलं ते इथेच परत येईल, असं ती त्याला सांगते. एवढीच गोष्ट. सगळी मराठीत, पण गाढवी जिथे जिथे बोलते तिथे आपल्या खान्देशी बोलीत.

मी तेव्हा दहावीत. वर्गात मराठीला पहिली, अक्षर वळणदार. पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवायला स्वच्छ प्रत कर, असं तुम्ही मला सांगितलंत. फक्त उतरवून काढ म्हणालात. मी उतरवून काढताना सुधारलं. ‘गधडी’ची ‘गर्दभी’ केली. ‘मी वाट दखस’ होतं तिथे ‘मी प्रतीक्षा करीत आहे’ लिहिलं. एकदा हात बसल्यावर मी तुमची साधी वाक्यंही सोडली नाहीत. बाईंनी आम्हाला शुद्ध लिहायला शिकवलं होतं, आणि कंडक्टरच्या मुलीचं शुद्ध जरा जास्तच शुद्ध असतं. शिवाय, खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. पुण्याची माणसं हे वाचतील आणि हसतील, असं वाटत होतं. तुम्ही प्रत उघडूनही पाहिली नाहीत. माझ्यावर विश्वास होता. रजिस्टर पोस्टाने पाठवून आलात आणि त्या दिवशी येताना जिलेबी आणलीत.

दोन महिन्यांनी साभार परत आली. सोबत चिठ्ठी होती. कल्पना चांगली आहे, पण भाषा ओढूनताणून आणलेली वाटते, मुलांशी कुणी बोलतं आहे असं वाटत नाही. तुम्ही ती दारात उभं राहूनच वाचलीत, घडी घालून खाकी शर्टाच्या खिशात ठेवलीत आणि हात धुवायला गेलात. त्यानंतर वही फळीवर गेली. एकदा ड्रायव्हरकाका घरी आले होते, त्यांना तुम्ही म्हणालात की भाषा हे शिकलेल्या लोकांचं काम, आपण तिकिटं फाडावी. मी आत ते ऐकलं. ती चिठ्ठी माझ्या शब्दांना आलेली होती, तुमच्या नाही, आणि हे घरात फक्त मला ठाऊक होतं. मी गप्प बसले. एक दिवस नाही, पावसाळा संपून कापूस फुटेपर्यंत गप्प बसले.

तोंड उघडलं ते मायमुळे. तिला वाचता येत नव्हतं. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, तुझ्या बापाचं ते परत आलेलं तरी वाचून दाखव, पुण्याच्या लोकांनी ऐकलं, मी नाही ऐकलं. तुम्ही जेवायला बसला होता. मला नाही म्हणता येईना. मी ती स्वच्छ प्रत काढली आणि वाचायला लागले. दुसऱ्या पानावर गाढवी बोलायला लागली तसा मायचा हात परातीतच थांबला.

“हाई कोन बोली ऱ्हायनं?” तिने विचारलं.

तुम्ही जेवता जेवता मान वर केलीत. डावा हात पुढे करून प्रत मागितलीत आणि एक पान वाचलंत, मग पुढचं. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं, लाज वाटली तेसुद्धा. मला वाटलं, आता मार बसेल. तुम्ही प्रत माझ्या मांडीवर ठेवलीत.

“अक्षर तुन्हं सुंदर शे,” तुम्ही म्हणालात. “पन ती गधडी मन्ही शे.”

आयुष्यात मला अनेकांनी रागावून शिकवलं. एवढं लागलं कुणाचंच नाही. गंमत अशी की त्या रात्री घरात सगळ्यांत हलके तुम्हीच झाला होता. पुण्याच्या माणसाने नापास केलं होतं ते मुलीला, बापाला नाही, हे कळल्यावर तुम्ही एक भाकरी जास्त मागून घेतलीत.

दुसऱ्या दिवशी वही फळीवरून खाली आली. मी पुन्हा पहिल्यापासून प्रत केली, चुलीजवळ बसून, आणि शंका आली की मायला विचारायचं असं तुम्हीच ठरवून दिलंत. ती एखादं वाक्य दोनदा म्हणून बघायची आणि मग सांगायची, हं, हे गाढव बोललं. या वेळी तुम्ही पोस्टावर भरवसा ठेवला नाहीत. रजा टाकून जळगावला गेलात, मला सोबत घेऊन. प्रेसचे मालक मूळचे जळगावजवळच्या असोद्याचे. त्यांच्याकडची बोली आपल्याहून पुष्कळ वेगळी. त्यांनी छपाईचे खिळे जुळवणाऱ्या माणसाला काम थांबवायला लावलं आणि आम्हाला उभं ठेवूनच पहिली चार पानं मोठ्याने वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, “तुमची बोली वेगळी, आमची वेगळी. पण आई दोन्हीकडे अशीच उभी राहते. छापू या.” परतीच्या गाडीत तुम्ही तिकीट काढलंत. कंडक्टर ओळखीचा होता, नको म्हणत होता, तरी काढलंत. आज मी प्रवासी आहे, म्हणालात.

पुस्तक निघालं, पातळ, पिवळ्या कव्हराचं. शाळाशाळांत गेलं. पण मला तुमचा खरा मान झालेला दिसला तो दोन वर्षांनी. मी शिरपूरला कॉलेजात, शनिवारी तुमच्याच गाडीने घरी निघालेली. सातपुड्याकडच्या आश्रमशाळेतली एक मुलगी धाकट्या भावाला घेऊन गाडीत बसली होती. भावाला गाडी लागत होती, तो रडत होता. त्याला गप्प करायला ती गोष्ट सांगायला लागली. पुस्तक हातात नाही, सगळी तोंडपाठ. घरी ती वेगळीच बोली बोलत असणार, पण गाढवीचं बोलणं तिने आपल्या खान्देशी बोलीत, जसंच्या तसं म्हटलं. पुढच्या सीटवरचे एक म्हातारे मागे वळून बसले. तुम्ही मधल्या जागेत ट्रे धरून उभे, पंच हातात, तिकीट अर्धं दिलेलं.

सोनगीर आलं तशी ती भावाला म्हणाली, बघ, इथेच उभी असायची. सगळी गाडी खिडक्यांकडे झुकली. ती गाढवी वर्षापूर्वीच दिसेनाशी झाली होती. काकांनी घंटी नसताना गाडी कडेला घेतली, मागे वळले आणि कुणालाही न विचारता सांगून टाकलं, “गोष्ट लिखनारा तो दखा, तिकिटं फाडी ऱ्हायना.”

पोरीने तुमच्याकडे पाहिलं. खाकी कपडे, कानामागे पेन्सिल. तिला ते खरं वाटेना. मग तिने तुम्हाला विचारलं, ते शिंगरू खरंच परत आलं का.

“उनं,” तुम्ही म्हणालात. “म्हनीसन ती आते रस्तावर उभी नही ऱ्हास.”

शिंगरू आलं हे ऐकून तो मुलगा रडायचा थांबला. एका म्हातारीने उठून तुमच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली, मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळी गाडी वाजवायला लागली. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते, की या गाडीत आहे तरी काय. तुम्ही दोनदा दोरी ओढलीत. धुळं येईपर्यंत तुम्ही कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाहीत, पण तुमची मान इतकी ताठ मी आधी कधी पाहिली नव्हती.

नंतर जळगावला शाल-श्रीफळ मिळालं, तुम्ही ड्युटीवरून तसेच खाकीत गेलात, ते सगळ्यांना माहीत आहे. मी पुढे मराठीची शिक्षिका झाले. माझ्या वर्गात कुणी बोलीत लिहिलं की लाल पेन आधी खाली ठेवते, मग वाचते. आजही गॅदरिंगला कुठल्या ना कुठल्या शाळेत कुणीतरी पोर घोंगडी पांघरून गाढवी होतं आणि मागच्या ओळीतल्या बाया डोळे पुसतात. तुम्ही जिंकलात, आबा.

पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही, ते वहीतच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या प्रतीतही मी एक शब्द घातला होता. तुम्ही लिहिलं होतं, ‘कंडक्टरने गधडीचा कान धरला.’ मी लिहिलं, ‘हळूच धरला.’ काचेतून दर सुट्टीत मी तेच पाहत होते. तुम्ही ते स्वतःबद्दल लिहिलं नसतंत. छापून आल्यावर तुम्ही ते पान वाचलंत, माझ्याकडे बघितलंत आणि पान उलटलंत. तुम्हाला कळलं होतं की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.