तिसऱ्या पंख्याचा रकाना

तीर्थरूप मामांना वाकून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? आई विचारते की पट्टा कंबरेला बांधता, की नुसता खुंटीला लावता. आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे एकमेकांशी बोलत नाही एवढंच.

दादाचा गेमिंगचा कॉम्प्युटर तुम्ही स्वतःच्या हातांनी जोडून दिलात, त्याला आज एकवीस दिवस झाले. निघताना उंबऱ्यात तुम्ही म्हणालात, "तापमानावर आणि पंख्यांवर जरा नजर ठेवा." ('जरा' हा शब्द आमच्या घरात कोणाला समजत नाही, हे तुम्ही कसं विसरलात?) बाबांनी तीस वर्षं कारखान्यातला बॉयलर सांभाळला. मी अंक शिकले तेही बॉयलरच्या नोंदवहीवर. शंभरपर्यंत मोजता येण्याआधी मला काटा लाल पट्ट्यात गेला की ओरडता येत होतं. तेव्हा त्याच दिवशी नवी वही आली आणि रकाने आखले गेले: वेळ, तापमान, तिन्ही पंख्यांचे मिनिटाचे फेरे, बिघाडाचं कारण, सही. दर अर्ध्या तासाने नोंद. वाचन माझं, सही बाबांची.

आकडे पाहायचे तर दादाचा खेळ बाजूला सारावा लागतो, आणि तेवढ्यात त्याला खेळात कोणीतरी मारतं. माझ्यामुळे तो आजवर एकशे बारा वेळा मेला आहे (ही नोंद वेगळ्या वहीत आहे).

पण तिसरा पंखा पहिल्या दिवसापासून शून्यावर. दादा म्हणाला, गार असलं की पंखे विश्रांती घेतात, म्हणून मी तोंडीच 'विश्रांती' असं सांगत राहिले. लिहायला हात धजेना. मग अठराव्या दिवशी दुपारी तापमान अठ्ठ्याऐंशीवर गेलं, दोन पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरू लागले, आणि तिसरा तसाच आडवा. बाबा म्हणाले, "एवढी विश्रांती घेणारा मी आयुष्यात एकच पाहिलाय. तो मला माझ्या लग्नात भेटला." आई उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली.

त्या दिवसापासून बाबांची सही बंद. कारणाचा रकाना रिकामा असेल तर यंत्र चालू करायचं नाही, हा बॉयलरचा नियम, म्हणून तीन दिवस कॉम्प्युटर बंद. शनिवारी दादाची स्पर्धा आहे, सोबतचे चौघे त्याच्या भरवशावर आहेत, आणि तो माझ्याकडे असा बघतो की जणू पंखा मीच गिळलाय.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. वर लिहायला धीर झाला नाही. काल बाबा बाहेर गेले असताना मी कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण काढलं. तिसऱ्या पंख्याची वायर अजून तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे, वर रबर बँड. तुम्ही ती जोडलीच नव्हती. मी जोडून पाहिली: अकराशे चाळीस फेरे. आता अठरा दिवसांचं कारण काय लिहू? खोटं मला लिहिता येत नाही, आणि खरं लिहिलं तर आई बाबांशी पुन्हा कधीच बोलणार नाही. कृपा करून कारण तुमच्याच अक्षरात, उलट टपाली कळवा.

ता. क. २. कळवू नका. कालची चोरटी चाचणी मी नियमाप्रमाणे वहीत नोंदवली होती, ती आज बाबांनी वाचली. अठराही दिवसांचे रकाने त्यांनी स्वतः भरले, पुन्हा सह्या केल्या, आणि दादा खेळायला बसला. कारण सगळीकडे एकच आहे: 'मेहुणा'. शेजारी साक्षीदार म्हणून आईची सही आहे.