माझा बोअर सरकारने घ्यावा आणि मला आमंत्रणांतून सोडवावे

दि. २२ फेब्रुवारी २०१६

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, धारूर, जि. बीड

अर्जदार : चंद्रभागाबाई धुळाजी तांदळे, वय ६३, निवृत्त अंगणवाडी सेविका, रा. मौजे बोरजाई, तेलगावजवळ

विषय : खाजगी बोअर मालकाच्याच विनंतीवरून तातडीने अधिग्रहित करणेबाबत.

महोदय,

टंचाईत आपला बोअर ताब्यात घेऊ नये म्हणून आपल्याकडे अर्जांचा ढीग येत असेल. माझा अर्ज उलटा आहे. तो चुकून उलटा लिहिला गेलेला नाही, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

१. माझे पती वारल्याला एकोणीस वर्षे झाली. तेव्हापासून गावातील एकाही शुभकार्यात मला पुढे बसवलेले नाही. सख्ख्या पुतणीच्या हळदीला मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटल्या. मांडवात येऊ नको, असे कोणी तोंडाने म्हटले नाही, फक्त पीठ संपू दिले नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. सवय झाली होती.

२. यंदा दिवाळीच्या सुमारास गावातील सगळे बोअर आटले, माझा तेवढा राहिला. तासभर चालतो, मग दम घेतो. माझी मोसंबीची बाग मी सोडून दिली आहे. ते पाणी सकाळ-संध्याकाळ खालच्या वस्तीतील माणसे नेतात. वस्तीतील कर्ती मंडळी ऊसतोडीला गेलेली असून मागे म्हातारी माणसे व लेकरे आहेत. त्यांच्यासाठी टँकर अजून मंजूर नाही.

३. बोअर टिकल्याची बातमी पसरली, तशी मी एकाएकी गावातील सर्वांत शुभ बाई ठरले. बारसे, साखरपुडा, वास्तुशांत, सगळीकडून बोलावणी. पहिल्यांदा मला, खोटे का बोलू, बरे वाटले. गावातील श्री. बबनराव आप्पा यांच्या नातीच्या बारशाला मी नवे लुगडे नेसून गेले. पहिल्या रांगेत खुर्ची दिली, पंगतीत आग्रह केला. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांचा ट्रॅक्टर पाण्याची टाकी घेऊन माझ्या शेतात उभा. मी विचारले तर ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा म्हणले, काकूला कालच जेवू घातलंय."

ते पाणी अंगणात सडा मारायला व जीप धुवायला गेले. बोअरने संध्याकाळपर्यंत दम घेतला. वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन परतल्या, आणि माझे पोट आदल्या दिवशीच्या बुंदीने भरलेले होते.

४. त्यानंतर मी कुठेच जायचे नाही असे ठरवले. परंतु महोदय, बोलावणे नम्रपणे टाळणे हे काम किती अवघड आहे याची कल्पना आपणांस नसावी. गुडघा दुखतो म्हटले, तर जीप आली. एकादशी सांगितली, तर साबुदाण्याची खिचडी डब्यातून घरपोच झाली. पोथी लावली आहे म्हटले, तर चार जण ऐकायला येऊन बसले आणि जाताना समाप्ती कधी ते विचारून गेले. सूतक सांगावे, तर माझे कोणी मरायचे राहिलेले नाही. यातली मोठी अडचण अशी, की हे लोक पाणी मागतच नाहीत, मला मागतात. त्यामुळे पाण्याला नाही म्हणण्याची संधीच मिळत नाही.

५. आमच्या दूध संस्थेचे चेअरमन श्री. मोहनराव हे संक्रांतीनंतर सपत्नीक माझ्या दारी आले. त्यांच्या सौभाग्यवती शिवकन्याबाई यांच्या हळदीकुंकवाला विधवांनाही मान द्यायचा, जुनी रीत आपल्या वाड्यापासून मोडायची, असे त्यांनी अर्धा तास समजावून सांगितले. तेलगावहून फोटोवाला येणार होता. वस्तीतल्या भिवराबाई याही विधवा आहेत, त्यांना बोलावले का, असे मी विचारले. त्यावर जागा कमी आहे, असे उत्तर मिळाले. म्हणजे रीत एकाच विधवेपुरती मोडायची होती, आणि ती बोअरवाली हवी होती. मी हात जोडून म्हटले, "दादा, मिरगात बोलवा. सगळ्यांच्या बोअरला पाणी आलं की मी पायी येते."

ते मोठ्याने हसले. माझा विनोदी स्वभाव त्यांना आवडल्याचे त्यांनी जाताना सांगितले.

६. आता ४ मार्च रोजी त्यांच्या चिरंजीवांचे लग्न आहे. पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती' या मथळ्याखाली आमदार-सभापतींच्या रांगेत 'जलदानशूर श्रीमती चंद्रभागाबाई' असे छापले आहे. मला विचारलेले नाही. संस्थेचा दुधाचा टँकर दूध आटल्यामुळे रिकामाच उभा आहे. तो आदल्या दिवशी व लग्नादिवशी माझ्या बोअरवर लागेल, असा निरोप आला. घरचेच कार्य असल्याने वेगळी परवानगी कशाला, असेही निरोप्या म्हणाला.

पत्रिका वस्तीतही वाचली गेली. भिवराबाई परवा घागर खाली ठेवून माझ्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता तुझ्याच घरचं कार्य हाय म्हणं. मग आमी दोन दिस कुठं जावं, तेवढं सांग."

त्यांनी टोमणा मारला नाही, खरेच विचारले. त्या उठून गेल्या, तरी मी तिथेच बसून होते. एकोणीस वर्षांत कोणी मांडवाबाहेर ठेवल्याचे मला इतके लागले नव्हते, जितके आत घेतल्याचे लागले.

७. तरी विनंती की, माझा बोअर ४ मार्चपूर्वी अधिग्रहित करून त्याचे पाणी खालच्या वस्तीस पिण्यासाठी राखून ठेवावे व तसा लेखी हुकूम द्यावा. नियमाप्रमाणे मिळेल तो मोबदला मी घेईन. नको म्हटले, तर तेवढ्यासाठी माझा सत्कार ठेवतील.

पंचनाम्यास येणाऱ्या साहेबांना चहा मिळेल. त्यांनी मला उलट कोठेही बोलावू नये.

८. हुकूम हाती आला की मी सदर लग्नास स्वतः हजर राहणार आहे. चेअरमन साहेबांनी माझी इतकी वाट पाहिली आहे. पुढची खुर्ची देतील तिथे बसेन, अक्षता टाकीन आणि हुकुमाची एक प्रत पाकिटात घालून नवऱ्या मुलाच्या बापाच्या हातात आहेर म्हणून देईन. जेवायला थांबणार नाही. संध्याकाळी वस्तीचे पाणी सोडायचे असते.

आपली, आणि सध्या गावात सर्वांचीच,

(सही)
चंद्रभागाबाई धुळाजी तांदळे

सोबत :
१) सातबारा उतारा
२) बोअर देण्याबाबत संमतीपत्र
३) लग्नपत्रिका, माझ्या नावाखाली रेघ मारलेली. आपलेही नाव तीत आहे, ते पाहावे.