पेटी उघडायच्या आधी

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझी लेक दोन दिवस माझ्याकडे राहून आज परत निघाली आहे, तिच्याच हाती हे देते आहे. फोन का नाही केला असं वहिनी विचारेल. माझा आवाज ऐकला की तुला माझ्या पोटातलं सगळं कळतं, म्हणून नाही केला. सकाळपासून चार कागद फाडले. हा पाचवा, तोही खालच्या कँटीनमध्ये बसून लिहिते आहे, कारण वर माझ्या टेबलाशी बसायचा धीर होत नाही.

संस्थेतल्या तुझ्या खोलीबद्दल वहिनीने सांगितलं होतं. निवृत्तीला आठ महिने असताना पुस्तकं खोक्यांत भरायला लावणं म्हणजे माणूस जेवत असताना ताट उचलणं झालं. तू म्हणे फक्त फळ्यावरचं गणित कुणाला पुसू दिलं नाहीस. दादा, ते गणित मी कॉलेजपासून पाहते आहे! ते समजवायला तू मला घरच्या जिन्यात उभं केलं होतंस आणि स्वतः धापा टाकत वरखाली करत होतास. विश्व जन्मल्या क्षणी अफाट वेगाने फुगलं, आणि ज्याच्या जोरावर ते फुगलं ते तुझ्या स्ट्रिंग थिअरीप्रमाणे जणू गोल जिना उतरत होतं. एक फेरा पुरा झाला की जागा तीच, मजला मात्र खालचा. दर फेऱ्याला एक बारीक हेलकावा, आणि त्या हेलकाव्यांची खूण, ठरावीक अंतराने येणारे तरंग, जगातल्या सगळ्यात जुन्या प्रकाशात आजही सापडायला हवी. मला निम्मंही कळलं नव्हतं. पण तुझा तो घामाघूम चेहरा बघून मी ठरवलं की तो प्रकाश आपण मोजायचा.

पुढे खरंच मोजायला लागले आणि घरात चेष्टा सुरू झाली, भाऊ पेपर लिहितो नि बहीण तपासते. म्हणून तर मी पहिल्याच दिवशी आमच्या प्रमुखबाईंना आपलं नातं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, त्यासाठीच पेटी बंद ठेवतो. आमचा हा रिवाज तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. आपल्या आकाशगंगेतली धूळही उजळते आणि त्या जुन्या प्रकाशात मिसळते. नकाशावरचा धुळकट भाग कुठवर झाकायचा हे आधी ठरवायचं, सगळ्यांनी सह्या करायच्या, आणि मगच शेवटचा आलेख काढायचा. तोवर प्रोग्रॅमला कुलूप, हीच आमची बंद पेटी. आलेख आधी दिसला तर चांगल्या माणसाचाही हात हव्या त्या बाजूला झुकतो. नवीन आलेल्यांना हे दरवर्षी मीच शिकवते.

खोक्यांची गोष्ट ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, शेजारची सहकारी चहा आणायला गेली असताना मी कुलपाची ती एक ओळ काढली आणि आलेख पाहिला. अर्धा मिनिट. मग सगळं पुसलं, ओळ जागच्या जागी घातली, आणि ती आल्यावर चहात साखर जास्त झाली म्हणून तिच्याशी भांडलेसुद्धा. काय दिसलं ते लिहिणार नाही. तेवढा तरी नियम पाळू दे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ते गिळून टाकलं असतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यातल्या बैठकीत मी हट्ट धरला की धुळीचा उत्तरेकडचा आणखी एक पट्टा झाकायला हवा. कारणं चांगली होती, अजूनही चांगली वाटतात. सगळ्यांनी माना डोलावल्या, या कामात माझा शब्द चालतो. पण खाई त्याला खवखवे. तेव्हापासून स्वतःला एकच विचारते आहे, तो पट्टा मी धुळीसाठी झाकला की तुझ्यासाठी? दादा, मला खरंच कळत नाही. कुणी 'जरा बोलायचं होतं' म्हटलं तरी काम आहे सांगून सटकते. काल तुझी लेक म्हणाली, आत्या, चष्मा डोळ्यांवर आहे आणि शोधतेस काय? हसले, पण मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

अजून दोन दिवसांनी सह्या व्हायच्या होत्या. आज सकाळी मी प्रमुखबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी उठून दार लोटलं, मला पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की आजवरचं सगळं रद्द. माझा पट्टा ज्यांना माहीत नाही असा दुसरा गट पहिल्यापासून काम करेल, दीड वर्ष तरी लागेल. माझं नाव कामावरून निघालं, ते निघायलाच हवं होतं. पण दीड वर्ष म्हणजे तू निवृत्त होऊन दहा महिने झालेले असतील, हे त्यांच्यासमोरच ध्यानात आलं आणि तिथेच मला रडू फुटलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आलेख पाहिला त्या दुपारी मी वहिनीच्या गुडघ्याची चौकशी करायला फोन केला होता. कामाचा एक शब्द काढला नाही, पण मला हसू आवरत नव्हतं, आणि तू बोलता बोलता एकदम गप्प झालास. तुझी लेक काल सहज सांगून गेली, त्याच संध्याकाळी तू येत्या शुक्रवारच्या जाहीर व्याख्यानाला होकार कळवलास, आणि आपलं मॉडेल कशाने खोटं ठरू शकतं हे सांगणारं शेवटचं पान काढून टाकलंस. तिला म्हणालास, आता त्याची गरज नाही. दादा, त्या हसण्यावर जाऊ नकोस. ज्या बाईला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा उरला नाही, तिच्या भरवशावर तू सगळ्यांसमोर उभा राहणार आहेस. माझ्यावर हवं तेवढं रागाव, वर्षभर बोलू नकोस. पण शुक्रवारच्या आत ते पान परत घाल.

तुझीच,
छोटी