जिज्ञासाचं जर्मन

बेलवली, बदलापूर पश्चिम
४ फेब्रुवारी २०२६

ती. पद्मजाताईस,
धाकट्या कमलेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. आण्णा गेल्यावर आपण पत्रं सोडायची नाहीत असं ठरवलं होतं, आणि तुझी भावजय मीना दर गुरुवारी तुमच्या अंबरनाथच्या बाजारात येतेच. तेव्हा हे तिच्या पिशवीतून.

बातमी अशी, की तुझ्या भाचीने मैदान मारलं! उल्हासनगरला तीन गावांच्या तीन शाळांनी मिळून परदेशी भाषांची स्पर्धा ठेवली होती. मुलांचे गट मिसळून केले. जिज्ञासाच्या गटात एक सिंधी मुलगी आणि एक अंबरनाथची. कुलूपबंद पेटीचा आकडा शोधायचा, पण आपसात फक्त जर्मन बोलायचं. मराठी-हिंदी तोंडातून निघाली की गुण कापले. पेटी उघडायच्या आधी मधूनच एकेकाला खोलीत बोलावून पडद्यावरचे परदेशातले पाहुणे प्रश्न विचारत होते. पक्षपात नको म्हणून भाषेच्या बाई बाहेर, आत पहाऱ्याला गणिताचे सर. तरी आपला गट पहिला.

ते पाहुणे तिच्यावर इतके खूश, की आता रोज संध्याकाळी फोनवर तिचा सराव घेतात. मी तिला फोन स्पीकरवर ठेवून हॉलमध्येच बसवतो, घरी आलेगेले सगळे ऐकतात. अक्षर कळत नाही, पण ऊर भरून येतो. नाक्यावर तिचा फ्लेक्स लावलाय, भलामोठा. तू एवढी वर्षं जर्मन शिकवलंस, तुझा लावला का कोणी?

लोभ आहेच, कौतुकाची थोडी भर घाल.
तुझा कमलेश

अंबरनाथ पूर्व
५ फेब्रुवारी २०२६

चि. कमलेश यास अनेक आशीर्वाद.

मीना चहा पितेय तोवर लिहिते. पोरीचं वाचून फार आनंद झाला. तुझा टोमणाही पोचला. अरे, निवृत्त बाईचा फ्लेक्स नाक्यावर एकदाच लागतो, आणि तेव्हा तो वाचायला ती नसते.

पण एक गोष्ट मला खटकली. हे पाहुणे कोण? त्यांना बोलावलं कोणी? अकरावीतल्या मुलीला परका माणूस रोज फोन का करतो? मीना म्हणते, फोन वाजला की जिज्ञासा हातातला घास टाकून उठते. तुला ते अभ्यासाचं वेड वाटतं, मला भीती वाटतेय. शाळांमध्ये विचार आणि तिचं बोलणं एकदा टेप करून पाठव.

रागावलास तरी चालेल, पण एवढं कर.
तुझी ताई

बेलवली
११ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस शि. सा. न.

तुझ्या समाधानासाठी सगळीकडे विचारून आलो. उल्हासनगरचे सर म्हणतात, पाहुणे बदलापूरच्या शाळेने बोलावले. आमच्या बाई म्हणतात, अंबरनाथने. अंबरनाथवाल्यांना वाटतं, उल्हासनगरने. कोणीतरी बोलावलंच असेल ना? तीन-तीन शाळा काय झोपल्या होत्या?

जिज्ञासा जरा गप्प असते, हे खरं. परवा फ्लेक्स उतरवा म्हणून मागे लागली. मी म्हटलं, लाजतेस काय, महिनाभर तरी राहू दे. रविवारी पाहुण्यांनी वांगणीला कुठल्याशा फार्महाउसवर निवडक मुलांचं शिबिर ठेवलंय. पालकांसमोर मुलं बुजतात, म्हणून आपण जायचं नाही. तिला वांगणी स्टेशनला सोडून आम्ही महाशिवरात्रीच्या जत्रेला तुमच्याकडे येऊ. पुढे न्यायला त्यांची गाडी येणार आहे.

कालचं बोलणं मीनाच्या फोनमध्ये टेप केलंय. ऐक, आणि भाची तुझ्यावर गेली हे एकदाचं कबूल कर.

जत्रेला येतोय, तोवर लोभ राखून ठेव.
कमलेश

अंबरनाथ पूर्व
१२ फेब्रुवारी २०२६

कमलेश,

आशीर्वाद नंतर. मीनाला सगळं सांगितलंय, ती हे पत्र घेऊन रिक्षाने निघतेय. तुला फोन केला नाही, कारण तुमच्या घरातले सगळे फोन आपण ऐकतो असं तो फोनवरचा माणूस जिज्ञासाला सांगतो. खरं असो की थाप, आज तो धोका नको.

तो सराव नाही. त्या दिवशी खोलीत त्याने पेटीचा आकडा तिला आपणहून सांगून टाकला. गणिताचे सर शेजारी उभे होते, त्यांना काय कळणार? आता तो म्हणतो, की रविवारी वांगणीला आली नाहीस तर तू चोरून जिंकलीस हे अख्ख्या बदलापूरला सांगेन. नाक्यावर बापाने एवढा फोटो लावलाय, तो तोंड कुठे लपवेल? मला यायचं नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणते. तो ऐकत नाही.

मी टेप घेऊन पोलिसांकडे चालले आहे. तू तिच्यावर आवाज चढवू नकोस. आकडा कोणी सांगितला याचं आपल्याला काही नाही, एवढं तिला जवळ घेऊन सांग. तिला क्षणभर एकटी सोडू नकोस. आणि तो फ्लेक्स आत्ताच्या आत्ता उतरव.

ती रडत नाही, म्हणून तुम्हाला कोणालाच कळलं नाही. धडा म्हणावा तशा आवाजात ती त्याला सांगते, की माझे बाबा इथे शेजारीच बसलेत, मला वाचवा असं मी त्यांच्याकडे बघून म्हणतेय आणि त्यांना कळत नाहीये. त्यापुढे टाळ्या आहेत. मग तू तिला, पाहुण्यांसाठी आणखी थोडं बोल, असं सांगतोस.

आज सगळा लोभ तिच्यावर असू दे.
पद्मजा